सिंगलस्पीड माउंटन बाइकचा हब

चाकाच्या मधोमध आसाभोवती फिरणारा आणि तारांनी रिमला जोडलेला भाग म्हणजे हब. जुन्या मराठीत चाकाचा तुंबा. सिंगलस्पीड माउंटन बाइकला एकच गिअर असतो. चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर, गिअर बदलायचा शिफ्टर, मागच्या चक्रांचा संच म्हणजे कॅसेट, यांतले काहीच तिच्यात नसते. बिघडणाऱ्या वस्तू अशा एकेक करून काढून टाकल्या की नाजूक यंत्रणा उरते ती मुख्यतः मागच्या हबमध्ये. त्यामुळे हाताशी बेताचे पैसे असतील तर ते आधी इथे घालणे शहाणपणाचे. पुढच्या हबला फक्त फिरायचे असते. त्याचे बेअरिंग आणि आस धड असले की झाले.

सिंगलस्पीडच्या हबवर प्रचंड ताण येतो असे नेहमी म्हटले जाते. गणित मात्र थोडे वेगळे सांगते. 80 किलो वजनाचा चालक 175 मिमीच्या आडव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) पूर्ण भार देऊन उभा राहिला, तर क्रँकवर सुमारे 137 न्यूटन-मीटर पीळ पडतो. पुढे 32 आणि मागे 20 दाते असतील तर त्यातला सुमारे 86 हबपर्यंत पोहोचतो. गिअरच्या सायकलीत मागे 51 दात्यांचा कॉग (दातेरी चक्र) असेल तर हाच आकडा 219 च्या आसपास जातो. पण त्या हलक्या गिअरमध्ये कोणी उभे राहून अंगाचा भार टाकत नाही. बसून भराभर पाय फिरवतात. सिंगलस्पीडवाल्याला तो पर्याय नसतो. चढ आला की उठायचे, हँडल ओढायचे आणि प्रत्येक पेडलला सारे वजन घालायचे. हबला झिजवतात ते हे सततचे हिसके.

हे हिसके सगळ्यात आधी दिसतात फ्रीहब बॉडीवर, म्हणजे मागच्या हबच्या ज्या भागावर कॉग बसतो त्यावर. कॅसेटचे मोठे कॉग बहुधा एका सामायिक पायावर बसवलेले असतात, म्हणून भार विभागला जातो. सिंगलस्पीडमध्ये एकच कॉग असतो. तो पातळ पत्र्याचा आणि बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर कॉग बॉडीच्या खाचांत रुततो, आणि पुढे तो काढताना घाम फुटतो. यावर दोन उपाय आहेत : बॉडी पोलादाची किंवा टायटॅनियमची घेणे, नाहीतर बुडाशी रुंद असलेला कॉग वापरणे. थोड्या ग्रॅमचे वजन वाचवण्यासाठी हे दोन्ही टाळण्यात काही हशील नाही.

दुसरा मार्ग आटे पाडलेल्या हबचा. त्यावर 1.37 इंच व्यासाचे, इंचाला 24 आटे असलेले फ्रीव्हील (कॉग आणि पाय थांबले की चाक मोकळे सोडणारी यंत्रणा एकत्र असलेला सुटा भाग) फिरवून बसवतात. झिजणारी यंत्रणा सगळी फ्रीव्हीलमध्येच असते, त्यामुळे ते खराब झाले तर बदलायचे आणि हब तसाच ठेवायचा. अडचण एवढीच की प्रत्येक पेडलगणिक फ्रीव्हील आणखी घट्ट होत जाते. बसवताना आट्यांना ग्रीस लावले नसेल तर काढताना हबचेच आटे निघून येण्याची भीती असते.

फ्रीहबच्या पोटात चालकाचा जोर चाकाला देणारी आणि पाय थांबले की चाक मोकळे सोडणारी जोडणी असते. बहुतेक हबमध्ये स्प्रिंगवर उचलल्या जाणाऱ्या तीन-चार खिट्ट्या दातेरी कड्यात अडकतात. डीटी स्विस कंपनीच्या स्टार रॅचेट या रचनेत दोन दातेरी चकत्या समोरासमोर येऊन सगळे दाते एकाच वेळी धरतात. अमेरिकेतल्या ख्रिस किंग कंपनीची 72 दात्यांची रचनाही याच जातीची. दाते जितके जास्त, तितकी पकड लवकर, म्हणजे पकड येण्याआधी फुकट फिरण्याचा कोन कमी : 18 दात्यांना 20 अंश, 36 ला 10, 72 ला 5. खरेदी करणारे या आकड्यांना भुलतात. पण हबमधली 10 अंशांची ढिलाई 32 आणि 20 दात्यांच्या जोडीत पेडलपाशी जेमतेम सव्वासहा अंश उरते. 51 दात्यांच्या कॉगवर तीच 16 अंश होते. लवकर पकडीची खरी गरज गिअरवाल्याला आहे. सिंगलस्पीडला मध्यम संख्येचे, जाड दाते पुरतात आणि टिकतातही जास्त.

बेअरिंगचे दोन प्रकार. सुटे छर्रे आणि त्यांना वाटीत दाबून धरणारे शंकूसारखे नट (कोन) असलेला हब नीट बसवला तर आडवा भार छान पेलतो. मात्र त्याकडे दुर्लक्ष झाले आणि हबमधल्या वाटीला खड्डे पडले, तर बहुधा हबच टाकावा लागतो. दुसरा प्रकार कार्ट्रिज, म्हणजे तयार सीलबंद बेअरिंग. ते काढून नवे ठोकता येते. 1971 साली स्थापन झालेल्या फिल वुड या अमेरिकी कंपनीचा असे सीलबंद बेअरिंग सायकलींत रूढ करण्यात मोठा वाटा आहे. विकत घेण्यापूर्वी बेअरिंगचे क्रमांक विचारावेत. 6802 आणि 6902 दोन्ही 15 मिमीच्या आसावर बसतात, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास 24 आणि रुंदी 5 मिमी, तर दुसऱ्याची मापे 28 आणि 7. दुसऱ्यात छर्रे मोठे मावतात. शिवाय क्रमांक प्रमाणित असेल तर बेअरिंग कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते, कंपनीच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

खास सिंगलस्पीडसाठी घडवलेल्या हबचा एक फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही. कॅसेटची जागा वाचल्याने दोन्ही बाजूंच्या तारा जवळजवळ सारख्या ताणात राहतात आणि चाक भक्कम होते. हबच्या रुंदीचे माप मात्र फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधल्या जागेशी जुळायला हवे : 135 मिमी, 12 मिमी आसासह 142, किंवा 148. चेनचा ताण ठेवण्याची सोय नसलेल्या फ्रेमसाठी व्हाइट इंडस्ट्रीजने एनो नावाचा हब काढला. त्याचा आस केंद्रापासून सरकवलेला असतो आणि फिरवला की चेन ताणली जाते.

देखभाल म्हणाल तर अगदी थोडी. रिम धरून आडवे हलवून पाहावे. डुगडुगले तर बेअरिंगकडे लक्ष द्यावे. पाण्याचा जोरदार फवारा सीलवर मारू नये. खिट्ट्यांना पातळ ग्रीस, तेही बेताचे. जाड ग्रीस थापले की थंडीत खिट्ट्या चिकटतात आणि ऐन चढावर उभे असताना पाय पोकळीत गेल्यासारखा घसरतो. काही हबची टोके नुसत्या हाताने ओढून निघतात आणि पाच मिनिटांत आतली दातेरी जोडणी पुसून होते. ज्या हबला प्रत्येक वेळी खास हत्यार लागते, तो सहसा उघडलाच जात नाही.