मे महिन्याची सुट्टी आणि शेवटची बोट

मे महिन्याच्या सुट्टीचा विषय निघाला की कोकणातल्या माणसाचा आवाज बदलतो. करवंदांच्या जाळ्या, अढीतल्या आंब्याचा वास, खळ्यात ओळीनं घातलेली अंथरुणं, सगळं एका दमात येतं. मी त्यातलाच एक. त्या सुट्टीला तिचं रूप कशामुळे आलं, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढच्या काही दशकांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं गिरण्यांकडे निघाली. (सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, तो वेगळा झाला १९८१ साली.) डोंगरउताराची, तुकड्यातुकड्यांची शेती, भात-नाचणी वर्षभर पुरायची नाही. आणि मुंबईच्या पगारात तिथं बिऱ्हाड करणं परवडायचं नाही. मग बाप्या माणूस गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा, खानावळीत जेवायचा, आणि बायकामुलं गावी. मनिऑर्डरवर घर चालायचं. पुढं ज्यांनी चाळीत बिऱ्हाड थाटलं, त्यांची मुलं शाळा सुटली की गावी यायची. एरवी दोन ठिकाणी फाटलेलं घर मे महिन्यात एकत्र बसून जेवायचं.

मेच का, तर शाळांना सुट्टी, लग्नसराई, आंबा-फणस हे आहेच. पावसाआधी घराची शाकारणी, कौलं परतणं, लाकूडफाटा भरणं, यालाही हात लागायचे. पण खरी मर्यादा घातली होती समुद्रानं. रस्ते धड नव्हते, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशी बंदरं घेत ती जायची. बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यातच थांबायची, आणि पोराबाळांसकट पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरावं लागायचं. एसटीत मळमळलं तरी ‘बोट लागली’ म्हणायची सवय तिथूनच आली. पावसाळ्यात लांबच्या बंदरांची ही वाहतूक बंद. खवळलेला समुद्र काय करतो, ते १७ जुलै १९४७ रोजी दिसलं. मुंबईहून जवळच्याच रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे सुट्टी कधी संपवायची ते समुद्र ठरवायचा. हंगामाची शेवटची बोट चुकली की गणपतीपर्यंत सगळं अवघड.

आम्हा मुलांना यातलं काही ठाऊक नसायचं, आणि ते ठाऊक नसावं म्हणून घरातल्या बायका राबत होत्या. पंचवीस-तीस माणसांचं रांधून झालं की दुपारी आजी, काक्या रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घेऊन बसायच्या. रातांबा मधोमध चिरायचा, गर-बिया एका भांड्यात, सालं सुपात. मीठ घातलेल्या त्या रसात सालं भिजवायची, उन्हात टाकायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा टाकायची. असे कितीतरी दिवस गेले की आमसूल काळं पडायचं. आम्ही मध्येच एखादा रातांबा साखर घालून पळवायचो. आजीची बोटं मात्र महिनाभर लालच असायची.

गावातल्या मुलांचा मे आणखी वेगळा. आमच्याबरोबर काजूच्या बिया खेळणारा मुलगा सातवीची फायनल, नंतरच्या काळात मॅट्रिक झाला, की त्याच वर्षी काका-मामाचं बोट धरून परतीच्या प्रवासाला लागायचा. येताना चाकरमानी जितके असत, जाताना त्यांच्यात काही पोरं वाढलेली असत. शहरातल्या मुलांचं बालपण त्या महिन्यात फुलायचं आणि त्यांच्याच चुलतभावंडांचं त्याच महिन्यात संपायचं, हे मला आजही बोचतं.

नंतर एकेक दुवा सुटत गेला. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेली एसटी हळूहळू वाडीवस्तीपर्यंत पोचली आणि बोटी मागे पडल्या. १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीला बोर्डाची परीक्षा आली. नववीची सुट्टी क्लासला गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक जण गावी परतले. त्या मे महिन्यात घरं भरलेली होती, पण परतीची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आता लोक चार दिवसांसाठी येऊन जातात.

आमच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. झाकणाच्या आत पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि खाली ‘बंदर विजयदुर्ग’. मुंबईला गेले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. आजी सांगायची, त्या वर्षीचे आंबे त्यांनीच उतरवले, रातांब्यांची सालं उन्हात टाकायलाही ते होते. ती वाळून बरणीत भरली, तोवर बोट गेली होती.