एमआरआयमधली काळी चकती

कंबरदुखी घेऊन मिरजेला येणाऱ्यांची रीघ काही कमी होत नाही. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीहून लोक येतात, सीमेपलीकडच्या अथणीहूनही येतात. १८९४ साली विल्यम वानलेस यांनी इथं रुग्णालय काढलं तेव्हापासूनची ही वाट. आता परतताना हातात एमआरआयचं मोठं पाकीट असतं आणि रिपोर्टमधले दोनच शब्द डोक्यात घोळत असतात: 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलेली. मणक्यात गॅप पडला, नस दबली, आता ऑपरेशनच, हे गाव येईपर्यंत ठरूनही जातं.

ती फिल्म एकदा उजेडात धरून बघा. बाजूने घेतलेल्या चित्रात मणक्यांचे चौकोन एकाखाली एक दिसतात. त्यांच्यामागून पांढरा पट्टा उतरतो, ते मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी. त्यातली करडी दोरी म्हणजे मज्जारज्जू. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी ती संपते. खाली नुसत्या नसांचा झुपका उरतो. दोन मणक्यांमधल्या चकत्या वरच्या भागात मधोमध पांढऱ्या असतात, तळाच्या दोन बहुधा काळ्या आणि किंचित मागे आलेल्या.

एमआरआय यंत्र चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून संदेश मिळवतं. त्यात क्ष-किरण नसतात. या प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं उमटतं. काळी चकती म्हणजे पाणी कमी झालेली चकती. वय वाढतं तसं ते कमी होतंच. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. दुखत काहीच नव्हतं!

म्हणून रिपोर्ट माणसाशी जुळवून वाचावा लागतो. चकती डावीकडे फुगलेली आणि कळ उजव्या पायात जात असेल, तर त्या चकतीला दोष देऊन उपयोग नाही. चकतीचा तुकडा खरोखरच बाहेर आला असेल, तरी तो बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आकसतो. नुसत्या कंबरदुखीसाठी पहिल्याच आठवड्यात हजारो रुपये घालून एमआरआय काढायची घाई मला पटत नाही.

उलट काही वेळा एक दिवसही थांबू नये. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पायातली ताकद जाऊ लागली, तर खालच्या नसांच्या झुपक्यावर दाब आलेला असू शकतो. तेव्हा तातडीने एमआरआय हवाच. बाम चोळत दिवस काढले तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट मणक्याच्या क्षयाची, म्हणजे टीबीची. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं. ऊसतोडीच्या, द्राक्षबागेच्या कामानं पाठ धरली असेल म्हणून हे अंगावर काढलं जातं. साधा एक्स-रे सुरुवातीला चांगला दिसतो, कारण हाड बरंच झिजल्याशिवाय त्यात फरक उमटत नाही. एमआरआयमध्ये मात्र हाडातली सूज आणि शेजारी साचलेला पू कितीतरी आधी दिसतो. मग सुईने नमुना काढून क्षय पक्का करतात. मज्जारज्जूवर दाब येण्याआधी निदान झालं, तर बहुतेक जण नुसत्या गोळ्यांनी बरे होतात.