लिव्हरखालची थरथर

मिरग लागून दोनच दिवस झाले होते. साखळीहून आम्ही दोघं केरीच्या दिशेने निघालो होतो. चोर्ला घाट चढायचा, बेळगावात चहा घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत हंपी गाठायची, असा बेत. मावसभाऊ पुढे, मी मागे. केरीच्या अलीकडे कुळागरांच्या कडेने रस्ता वळतो, तिथे पोफळीची एक झावळ आडवी पडली होती. रात्रभर भिजून काळी झालेली, डांबरावर डांबरासारखीच दिसणारी. भावाला ती उशिरा दिसली. त्याने पुढचा ब्रेक दाबला, गाडी किंचित हलली, पुन्हा सरळ झाली आणि थोडं पुढे जाऊन तो कडेला थांबला. हेल्मेट काढलं तेव्हा चेहरा उतरला होता.

"ब्रेक गेला रे. लिव्हर बोटांखाली टर्रर्र करायला लागला. काहीतरी तुटलं असं वाटलं, म्हणून सोडूनच दिला."

तुटलं काहीच नव्हतं. पंधरा वर्षं कार्बुरेटरची जुनी गाडी चालवून त्याने महिन्यापूर्वी नवी घेतली होती. फोन कसा जोडायचा, स्क्रीनवर नकाशा कसा आणायचा, हे सगळं त्याला गाडी घेताना दाखवलं होतं. पण ऐन वेळी लिव्हर थरथरेल आणि थरथरला तरी सोडायचा नाही, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि हा लेख लिहायचं तिथेच ठरलं.

लांबच्या प्रवासाच्या गाड्यांवर आज रंगीत पडदे आहेत, रेन मोड आहे, टायरमधली हवा सांगणारे सेन्सर आहेत. यातलं सर्वांत मोलाचं तंत्रज्ञान एका छोट्याशा जागेसाठी राबत असतं. ती जागा किती छोटी, हे गणिताने काढता येतं. गाडी आणि स्वार मिळून २६० किलो धरू. दोन चाकांवर सारखं वाटलं तर एका चाकावर १३० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटर साधारण २.१ किलो भार पेलतो. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ६२ चौरस सेंटीमीटर. बोटं सोडून उरणारा तळवा, जवळपास तेवढाच. असे दोन तळवे रस्त्याला टेकलेले असतात आणि पणजी ते लडाख सगळा प्रवास त्यांच्यावर होतो.

हा तळवा रस्त्याला धरून असतो तोवर गाडी आपली. चाक फिरत राहिलं तर टायर पुढे-मागेही पकडतो आणि आडवाही पकडतो. ही आडवी पकडच दोन चाकांवर तोल राखते. ब्रेक जास्त दाबला आणि चाक जाम झालं की रबर नुसतं घासत जातं. घासणाऱ्या टायरला गाडी ज्या दिशेने घसरते त्याच्या उलट ओढण्यापलीकडे काही जमत नाही, त्यामुळे हँडल वळवूनही उपयोग होत नाही. मागचं चाक जाम झालं तर बरेचदा सावरता येतं. पुढचं जाम झालं, तर सावरायला वेळच मिळत नाही.

एबीएसचं, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं काम इथे सुरू होतं. चाकाच्या मधोमध, ब्रेकच्या डिस्कजवळ, खाचा पाडलेली एक बारीक कडी असते. तिच्याशेजारी अगदी थोडं अंतर ठेवून एक चुंबकीय सेन्सर बसवलेला असतो. एकेक खाच समोरून गेली की एकेक टिपका नोंदला जातो. समजा, कडीला ५० खाचा आहेत आणि चाकाचा घेर २ मीटर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला आठ-सव्वाआठ फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला चारशेहून जास्त टिपके. ही टिपटिप अचानक विरळ झाली की संगणकाला कळतं, गाडी एवढ्या पटकन मंदावू शकत नाही, म्हणजे चाक जाम व्हायला लागलं आहे. तो ब्रेकच्या तेलाच्या वाटेवरची झडप बंद करतो, लगेच दुसरी उघडून थोडा दाब सोडतो, चाक फिरू लागलं की पुन्हा दाब देतो. सोडलेलं तेल पंप उलट ढकलतो आणि तो धक्का लिव्हरपर्यंत पोचतो. भावाच्या बोटांना जाणवली ती हीच टर्रर्र. पकड संपत आली आहे आणि मी ती सांभाळतो आहे, एवढंच यंत्र त्याला सांगत होतं.

गोव्यातले पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून भाडं मारणारे, ओल्या रस्त्यावर ब्रेक धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. मी लहानपणी म्हापशाला त्यांच्या मागे बसून हे पाहिलं आहे, आणि त्या हातांबद्दल मला आजही आदर आहे. पण माणसाचा हात सेकंदाला दोन-चार वेळा हे करू शकेल. एबीएस त्याच्या कितीतरी पट वेगाने करतं, आणि थकत नाही, घाबरत नाही.

बीएमडब्ल्यूने १९८८ साली के१०० गाडीवर पहिल्यांदा एबीएस दिलं, तेव्हा त्या यंत्रणेचं वजन ११ किलो होतं. आज ती किलोभराच्या आत मावते. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्या नियमात त्याखालच्या गाड्यांना, म्हणजे गोव्यात घरोघरी दिसणाऱ्या बहुतेक स्कूटरना, दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएसही चालते. सीबीएस चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. हा फरक गाडी घेताना विचारून घ्यावा. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे की दोन्ही चाकांना, हेही विचारावं. मला विचाराल तर पडदा किती इंची, हा प्रश्न त्यानंतरचा.

एबीएस असलं म्हणून रस्त्याची पकड वाढत नाही. ताशी ६० वेगात कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.८ धरला, तर पूर्ण ब्रेक लावून गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते. ओल्यावर तो ०.५ झाला तर २८ मीटर लागतात. ब्रेक दाबायचा हे मेंदूला सुचून बोटं हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यातच १७ मीटर निघून जातात. पहिल्या पावसात तर रस्त्यावरचं महिन्यांचं तेल, टायरचं रबर आणि आपली तांबडी धूळ मिळून जो लेप होतो, त्यावर ०.५ सुद्धा मिळेल याचा भरवसा नसतो.

आता वळणं. गाडी वळणावर का झोपवावी लागते, याचं सूत्र सुटसुटीत आहे: वेगाचा वर्ग, भागिले वळणाची त्रिज्या आणि गुरुत्व त्वरण यांचा गुणाकार. जे उत्तर येतं ते कलाच्या कोनाचं टॅन्जंट. तेवढीच आडवी पकड टायरला लागते. घाटातलं ३० मीटर त्रिज्येचं वळण घेऊ. ताशी ३० ला कल सुमारे १३ अंश आणि लागणारी पकड ०.२४. ताशी ४० ला २३ अंश, पकड ०.४२. ताशी ५० ला ३३ अंश आणि ०.६६. रस्ता ओला असेल आणि हाती जेमतेम ०.५ असेल, तर ५० ला ते वळण होणारच नाही, गाडी कितीही महाग असली तरी.

४० ला वळताना समोर गुरं आली तर? पकड एकच असते आणि ती वळणं व थांबणं या दोघांत वाटायची असते. मात्र वाटणी साध्या वजाबाकीने होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी होते. ०.५ मधले ०.४२ वळणात गेले की ब्रेकला सुमारे ०.२७ उरतात, निम्म्याहून थोडे जास्त. साध्या एबीएसला गाडी कललेली आहे हे कळतच नाही. ते सरळ रस्त्यासारखाच ब्रेक लागू देतं, आणि चाक जाम होतंय हे त्याला समजेपर्यंत टायर आडवा सुटलेला असू शकतो.

म्हणून गाडीला स्वतःचा कल कळायला हवा. २०१४ च्या केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर बॉश कंपनीची अशी यंत्रणा पहिल्यांदा आली. ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा गाडीचा कल मोजत होती. आता ती आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या टूरिंग गाड्यांवरही मिळते. तिच्या पोटात असलेली चिप मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर वस्तू वाटते. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चिपमध्ये सिलिकॉनचा कंगवा कोरलेला असतो, दात केसाहूनही कितीतरी बारीक. हा कंगवा सेकंदाला हजारो वेळा मागे-पुढे कंप पावत असतो. गाडी कलायला लागली की कंप पावणारा कंगवा थोडासा बाजूला ढकलला जातो. शेजारच्या दातांशी त्याचं अंतर बदलतं, विद्युतभार बदलतो, आणि त्यावरून गाडी किती झपाट्याने कलते आहे ते कळतं.

फिरणाऱ्या गोष्टीवर सरळ जाणारी वस्तू बाजूला ढकलली जाते, याला फ्रेंच गणिती कोरिओलिस यांचं नाव आहे. त्यांनी १८३५ मध्ये हे गणित मांडलं. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून येणारे वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात, तेही याच परिणामामुळे. घाटात आम्हाला भिजवणारा मिरगाचा पाऊस आणि गाडीला पडू न देणारी चिप, दोघांच्या मुळाशी एकच तत्त्व. चोर्ल्याच्या माथ्यावर धुक्यात उभा असताना मी हे भावाला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ ढगांकडे बघत राहिला.

कल कळला की संगणक पुढची कामं करू शकतो. कललेल्या गाडीत ब्रेकचा दाब हळूहळू चढू देणं हे एक. ओल्या वळणातून बाहेर पडताना मागचं चाक घसरायला लागलं तर इंजिनाचा जोर कमी करणं हे दुसरं. हे जमतं कारण आता मूठ पिळली तरी केबल थेट इंजिनापर्यंत जात नाही. मुठीशेजारचा सेन्सर फक्त कोन सांगतो, इंजिनात किती हवा सोडायची ते संगणक ठरवतो. रेन मोड म्हणजे याच निर्णयाला दिलेला संयम. उलट, सैल खडीवर जाम झालेलं चाक समोर मातीचा ढिगारा जमवून लवकर थांबवतं, म्हणून काही गाड्यांत मागचं एबीएस बंद करायची सोय असते. डांबर लागताच ते चालू करायला विसरू नये.

टायरमधली हवा सांगणारा सेन्सर मला साधा पण फार उपयोगी वाटतो. झडपेवर बसवलेली ती छोटी डबी दाब आणि तापमान रेडिओलहरींनी कळवते. पहिल्यांदा वापरणारे मात्र आकडे वाढताना पाहून घाबरतात. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरलं आणि धावून टायर ५५ अंशांपर्यंत तापला, तर आकडा ३८ च्या आसपास जातो. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, एवढंच. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, तिथे बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून आणखी सव्वा पीएसआय वाढल्यासारखं दिसतं. अशा वेळी हवा सोडू नये, कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. काळजी करायची ती दाब उतरू लागला तर. खिळा रुतून हळूहळू हवा जाते तेव्हा हातांना कळायला वेळ लागतो, सेन्सरला आधी कळतं.

नकाशाबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. घाटात नेटवर्क गेलं की जीपीएस गेलं, असं सर्रास म्हणतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. निदान चार उपग्रहांच्या वेळा जुळवून फोन स्वतःच जागा काढतो, त्याला नेटवर्क लागत नाही. गायब होतं ते नकाशाचं चित्र, म्हणून ते घरीच उतरवून घ्यावं. उपग्रहावरची घड्याळं सापेक्षतेमुळे दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर दिवसाभरात चूक दहा किलोमीटरच्या वर जाईल, म्हणजे साखळीतला माणूस वाळपईच्या वाटेवर दिसायला लागेल. इस्रोच्या नाविक या, जीपीएससारख्याच पण भारताच्या स्वतःच्या मालिकेतल्या काही उपग्रहांची अणुघड्याळं बंद पडली. त्यानंतर २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं गेलं.

नकाशासाठी फोन हँडलवर लावत असाल तर मध्ये कंपनं शोषणारा रबराचा डँपर घ्या. बऱ्याच फोनमध्ये कॅमेऱ्याचं भिंग हात हलला तरी स्थिर राहावं म्हणून चुंबकांवर तरंगतं ठेवलेलं असतं. मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी ती यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. आणि ६० च्या वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं, तर ३३ मीटर रस्ता न बघता जातो. हेल्मेटमधल्या स्पीकरवर दिशा ऐकणं मला म्हणून कधीही बरं वाटतं.

हंपीहून परतल्यावर रविवारी सकाळी गावच्या शाळेच्या मैदानावर गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, गवत ओलं. आधी भावाने बादलीभर पाणी घेऊन पुढच्या चाकाची खाचांची कडी धुतली, तिच्यात तांबडा चिखल वाळून बसला होता. किल्ली फिरवली तशी एबीएसची पिवळी खूण पेटली. गाडी चार हात पुढे गेल्यावर ती विझली, कारण चाक फिरल्याशिवाय यंत्रणेला स्वतःची तपासणी पूर्ण करता येत नाही. मग हेल्मेट, हातमोजे, बूट घालून, ताशी २५ चा वेग, हँडल सरळ, आणि दोन्ही ब्रेक एकदम. पहिल्या खेपेला टर्रर्र झाल्याबरोबर त्याची बोटं सुटली. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही सुटली. पाचव्या खेपेला गवतावरून पाणी उडालं, लिव्हर थरथरत राहिला, आणि गाडी उभी राहीपर्यंत त्याने तो धरून ठेवला.