टर्म की लोकेल? टर्मिनलवरच्या गोंधळाचे दोन वेगळे धनी

पणजीच्या ऑफिसातून सर्व्हरला एसएसएच केले (म्हणजे दुरून लॉगिन केले), एचटॉप हा चालू प्रोग्रॅम दाखवणारा आदेश सुरू करायला गेलात आणि ‘एरर ओपनिंग टर्मिनल: एक्सटर्म-किटी’ एवढी एक ओळ टाकून ते बंद पडले. त्याच सर्व्हरवर ‘म्हापसा_घरपट्टी’ नावाची फाइल आहे. फायलींची यादी देणाऱ्या एलएसमध्ये ती अशी दिसते:

$'\३४०\२४४\२५६\३४०\२४५\२१५...

दोन्हींवर शेजारच्या टेबलावरून एकच सल्ला येतो: ‘बॅशआरसीत एक्सपोर्ट टर्म टाक, होईल.’ (बॅशआरसी म्हणजे शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल.) पहिल्या तक्रारीवर तो तात्पुरता चालतो. दुसरीवर काडीचा उपयोग होत नाही, आणि पुढे टीमक्स (एका खिडकीत अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम) उघडल्यावर नवीच दुखणी सुरू होतात. कारण पहिली तक्रार टर्मची आहे आणि दुसरी लोकेलची. (आदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना रोमन अक्षरे वापरायची. टर्म, लँग आणि एलसीने सुरू होणारी नावे सगळी कॅपिटल.)

टर्म या व्हेरिएबलमध्ये फक्त एक नाव असते: एक्सटर्म-२५६कलर, टीमक्स-२५६कलर, लिनक्स असे काहीतरी. एक्सटर्म-किटी हे किटी या टर्मिनलचे नाव. प्रोग्रॅम ते नाव घेऊन टर्मइन्फोच्या फायलींत जातो. स्क्रीन पुसायची तर कोणते बाइट पाठवायचे, रंग किती आहेत, वरच्या बाणाची कळ दाबल्यावर काय येते, हे सगळे तिथे लिहिलेले असते. अक्षरे कुठल्या लिपीतली, याच्याशी टर्मचा काही संबंध नाही.

लोकेलचे काम वेगळे. आलेले बाइट अक्षरांत कसे मोडायचे, हे ते सांगते. यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘म’ म्हणजे अष्टमान पद्धतीत ३४०, २४४, २५६. वरच्या यादीतले पहिले तीन आकडे तेच आहेत. सर्व्हरचे लोकेल साधे ‘सी’ (काहीच न ठरवल्यास लागणारे) असेल, तर हे बाइट छापण्याजोगी अक्षरे आहेत हेच एलएसला कळत नाही. ते आकडे काढून मोकळे होते. जुनी आवृत्ती असेल तर नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. फाइलचे नाव डिस्कवर शाबूत असते, म्हणून घाबरून रीनेम करत बसू नका.

गोंधळाचे मूळ बहुतेक वेळा एसएसएचच्या वागण्यात असते. टर्मचे नाव प्रोटोकॉलमधूनच जाते: टर्मिनल मागताना क्लायंट ते पाठवतो, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. लोकेल ठरवणारी लँग आणि एलसीवाली व्हेरिएबल मात्र दोन्ही बाजू राजी असतील तरच जातात. क्लायंटच्या सेटिंगमध्ये ‘सेंडएन्व्ह’ हवे आणि सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेप्टएन्व्ह’. डेबियन आणि उबुंटूत दोन्ही आधीपासून लावलेली असतात, पण कुणी सर्व्हर ‘कडक’ करायला बसले की ॲक्सेप्टएन्व्हची ओळ हमखास उडते. थोडक्यात, टर्मच्या बाबतीत नाव पोहोचते पण त्या नावाची फाइल सर्व्हरवर नसते. लोकेलच्या बाबतीत एक तर नावच पोहोचत नाही, नाहीतर पोहोचते आणि सर्व्हरवर ते लोकेल बनवलेले नसते.

तिसरी तऱ्हा मॅकवाल्यांची. मॅकचे टर्मिनल अनेकदा एलसी_सीटाइपमध्ये नुसते ‘यूटीएफ-८’ पाठवते. लिनक्सवर या नावाचे लोकेलच नसल्यामुळे लॉगिन होताच ‘सेटलोकेल: एलसी_सीटाइप: कॅनॉट चेंज लोकेल’ अशी ताकीद येते. टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये, सुरुवातीला लोकेलची व्हेरिएबल बसवण्याची जी खूण असते, ती काढली की प्रश्न मिटतो.

आता निदान. अंदाज बांधण्याआधी हे तीन आदेश सर्व्हरवर चालवा:

प्रिंटएफ '\३४०\२४४\२५६\एन'
लोकेल चारमॅप
टीपुट कलर्स

पहिला आदेश सर्वांत कामाचा, कारण त्यात टर्मही नाही आणि लोकेलही नाही. कच्चे बाइट थेट तुमच्या खिडकीकडे जातात. ‘म’ उमटला तर खिडकी आणि फॉन्ट दोन्ही ठीक, दोष सर्व्हरच्या बाजूला. रिकामा चौकोन आला तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला लागून ¤® अशी दोन चिन्हे आली, तर तुमची खिडकीच बाइट लॅटिन-१ (युरोपीय भाषांचा जुना, एका अक्षराला एक बाइट देणारा संच) म्हणून वाचते आहे. मग सर्व्हरवर कितीही फेरफार केले तरी फरक पडणार नाही. पुटी या एसएसएचच्या प्रोग्रॅममध्ये विंडो, ट्रान्सलेशन या पानावर जाऊन रिमोट कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा.

दुसऱ्या आदेशाचे उत्तर ‘यूटीएफ-८’ हवे. ‘एएनएसआय_एक्स३.४-१९६८’ आले तर ते साध्या आस्कीचे (फक्त इंग्रजी अक्षरांच्या जुन्या संचाचे) पाळण्यातले नाव आहे, आणि लोकेल ‘सी’वर घसरलेले आहे. खात्री करायची तर ‘फोंडा’ हा शब्द इको न वापरता प्रिंटएफने अक्षरे मोजणाऱ्या डब्ल्यूसी -एमकडे पाठवा. यूटीएफ-८ लोकेलमध्ये उत्तर ५ येते, ‘सी’मध्ये १५. तिसऱ्या आदेशाला २५६ अपेक्षित असताना ८ आले किंवा ‘अननोन टर्मिनल’ आले, तर बोट टर्मकडे.

टर्म ठीक करायची चांगली रीत म्हणजे नाव बदलण्यापेक्षा हरवलेली फाइल सर्व्हरवर नेणे. आपल्या लॅपटॉपवरून एकदाच:

इन्फोसीएमपी -एक्स एक्सटर्म-किटी | एसएसएच सर्व्हर -- टिक -एक्स -

इन्फोसीएमपी नोंद छापतो, टिक ती सर्व्हरवर बसवतो. शेवटची नुसती आडवी रेघ विसरू नका. तिच्यामुळेच टिक पाइपमधून वाचतो. नोंद तुमच्या होम फोल्डरमधल्या .टर्मइन्फोमध्ये बसते. इथे एक फसगत ठरलेली: एचटॉप चालू लागते, पण सुडो एचटॉप (म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवलेले) पुन्हा तीच एरर देते. सुडो टर्मचे नाव पुढे पाठवते, पण रूटचे होम फोल्डर वेगळे असल्यामुळे तुमची फाइल त्याला सापडत नाही. त्यावर उपाय म्हणजे टिकच रूट म्हणून चालवून नोंद सगळ्यांसाठी बसवणे, किंवा डेबियनवर किटी-टर्मइन्फो हे पॅकेज टाकणे. दोन मिनिटांचेच काम असेल तर ‘टर्म=एक्सटर्म-२५६कलर एचटॉप’ असे एका आदेशापुरते लिहा आणि सोडून द्या.

ते बॅशआरसीत कायमचे मात्र घालू नका. टीमक्सच्या आत तुमचे टर्मिनल टीमक्स असते. बाहेरच्या खिडकीचे नाव तिथे चुकीचे. टीमक्सच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट-टर्मिनल ‘टीमक्स-२५६कलर’ ठेवा. नाव चुकले की काय होते, याचा नमुना लेस या फाइल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये पाहायला मिळतो. स्क्रीन या जुन्या प्रोग्रॅमच्या नोंदीत ‘उठावदार करा’ यासाठी एस्केपनंतर [३एम हे बाइट आहेत. एक्सटर्मच्या भाषेत त्याच बाइटांचा अर्थ ‘तिरपी अक्षरे’. त्यामुळे साध्या एक्सटर्ममध्ये टर्म=स्क्रीन ठेवून शोध घेतला, तर सापडलेला शब्द उलट्या रंगात न येता तिरपा होतो. लोक मग लेसला दोष देतात किंवा थीम बदलत बसतात.

लोकेल दुरुस्त करताना आधी कोण कुणावर चढतो ते पाहा. एलसी_ऑल सगळ्यांवर चढते, त्याखाली एलसी_सीटाइपसारखी सुटी व्हेरिएबल, आणि ही दोन्ही नसतील तर लँग. लँग नीट असूनही काही बदलत नसेल, तर कुठल्यातरी प्रोफाइलमध्ये एलसी_ऑल=सी दडलेले असते. नंतर ‘लोकेल -ए’ चालवून हवे ते नाव यादीत आहे का, ते बघा. नसेल तर डेबियनमध्ये ईटीसीतल्या लोकेल.जेन फायलीत त्या ओळीपुढचे हॅश काढून सुडो लोकेल-जेन चालवा. ग्लिबसीत (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत) मराठीचे एमआर_आयएन आहे, कोंकणीचे केओके_आयएनही आहे. तरी सर्व्हरवर दोन्हींपैकी काही न लावता सी.यूटीएफ-८ लावावे, असेच आम्ही सांगू: देवनागरी नीट दिसते आणि एरर इंग्रजीतच राहतात, म्हणजे जशाच्या तशा शोधता येतात. ग्लिबसीच्या २.३५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, ते मूळ संचातच आहे. डेबियनमध्ये त्याच्याही आधीपासून होते.

डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवण्याच्या साधनाच्या) छोट्या इमेजमध्ये लँग बहुधा रिकामेच असते. तिथे पायथनने मराठी छापली तर ती नीट येते आणि त्याच कंटेनरमध्ये एलएस आकडे काढते, हे पाहून माणूस चक्रावतो. पायथन ३.७पासून ‘सी’ लोकेल दिसले की स्वतःहून सी.यूटीएफ-८कडे वळते. त्याच्या शहाणपणावरून कंटेनर ठीक आहे असे धरू नका; डॉकरफाइलमध्ये ‘एन्व्ह लँग=सी.यूटीएफ-८’ ही ओळ घाला.

चौकटीच्या रेघा बिघडल्या की टर्म आणि लोकेल दोघेही संशयित ठरतात. पण बिघाडाचा चेहरा पाहून निवाडा करता येतो. १९७८च्या व्हीटी१००मध्ये रेघांसाठी वेगळा अक्षरसंच होता: त्यात गेल्यावर रोमन एल, क्यू, के या अक्षरांच्या जागी कोपरा, आडवी रेघ, दुसरा कोपरा उमटायचा. एमसी किंवा डायलॉग अशा चौकटी काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रेघांऐवजी क्यू-क्यू-क्यू अशी रांग दिसली, तर संच बदलण्याचा हुकूम खिडकीने मानलेला नाही; हे टर्मच्या नोंदीचे प्रकरण. रेघेच्या जागी छत्रीवाला रोमन ए आणि त्यापाठोपाठ कचरा दिसला, तर यूटीएफ-८चे बाइट कुणीतरी वेगळ्या संचात वाचले, हे एन्कोडिंगचे. पुटी यूटीएफ-८वर असताना क्यूची रांग दिसत असेल, तर ‘एनकर्सेस_नो_यूटीएफ८_एसीएस=१’ हे व्हेरिएबल लावा. मग एनकर्सेस (अशा प्रोग्रॅमसाठी पडदा रंगवणारी लायब्ररी) जुन्या संचाच्या वाटेला न जाता युनिकोडच्याच रेघा पाठवते. अट एवढीच, की लोकेल यूटीएफ-८ हवे.

गोव्यात आणखी एक बिघाड लोकेलच्या माथी मारला जातो, आणि तिथे लोकेल निर्दोष असते. नावांच्या जुन्या याद्यांत पोर्तुगीज अक्षरे असतात. कॉन्सेसांवसारख्या नावात शेपटीवाला सी येतो. लॅटिन-१मध्ये तो एकच बाइट असतो, ई७. यूटीएफ-८मध्ये दोन: सी३ ए७. यादी लॅटिन-१मध्ये साठवलेली असेल, तर कॅट केल्यावर त्या जागी � दिसते, आणि तीच फाइल विम या एडिटरमध्ये मात्र व्यवस्थित उघडते, कारण यूटीएफ-८ जमले नाही तर विम लॅटिन-१ वापरून पाहतो. लँग बदलून इथे काही साधत नाही. फाइलच पालटा:

आयकॉन्व्ह -एफ आयएसओ-८८५९-१ -टी यूटीएफ-८ जुनी.टीएक्सटी > नवी.टीएक्सटी

आणि हे दोनदा करू नका. आधीच यूटीएफ-८ असलेल्या यादीवर पुन्हा चालवले, तर एका अक्षराची दोन होतात. आधी ‘फाइल -आय’ने तपासून घ्या.

देवनागरीचे स्तंभ वाकडे येणे हाही वेगळाच प्रकार. ‘फों’ला किती चौकटी द्यायच्या, याचा प्रोग्रॅमचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळला नाही की उजवीकडची रेघ सरकते, एडिटरमध्ये कर्सर एका घराने पुढे-मागे पडतो. टर्म आणि लोकेल दोन्ही चोख असतानाही हे होते. त्यावर दुसरे टर्मिनल वापरून पाहणे, किंवा मराठी मजकुराचा स्तंभ सर्वांत शेवटी ठेवणे, एवढेच हाती राहते. दुसरा उपाय ओबडधोबड आहे, पण रोजच्या अहवालांना पुरतो.

पावसाळ्यात लाइट गेली, मोडेम बंद पडला आणि एसएसएच मध्येच अडकले, तर एंटर, मग ~ आणि टिंब दाबून बाहेर या. नंतर टाइप केलेले दिसत नसेल तर न बघता ‘रीसेट’ लिहून एंटर करा. ते दुखणे टीटीवायच्या (टर्मिनलच्या जोडणीच्या) सेटिंगचे, या दोघांपैकी कुणाचेच नाही. अशा दिवसांत कनेक्शन टिकावे म्हणून मॉश (तुटकी लाइन सोसणारा एसएसएचचा पर्याय) वापरणारे बरेच आहेत, आणि मॉशबरोबर तक्रारींची अदलाबदल होते. मॉश सर्व्हरवर टर्म स्वतःच एक्सटर्म किंवा एक्सटर्म-२५६कलर ठरवतो, त्यामुळे एक्सटर्म-किटीची एरर नाहीशी होते. लोकेलबाबत मात्र तो हट्टी आहे: सर्व्हरवर यूटीएफ-८ लोकेल नसेल, तर मॉश-सर्व्हर सुरूच होत नाही. एसएसएचने जाता येते आणि मॉशने येत नाही, अशी तक्रार आली, तर फायरवॉलमधले यूडीपी ६०००० ते ६१००० तपासायच्या आधी ‘एसएसएच सर्व्हर लोकेल चारमॅप’ एवढे चालवून पाहा.