पहिल्या पावसात कर्ब कुठे जातो?

माती परीक्षणाचा अहवाल आला की मराठवाड्यात सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात बहुधा अर्धा टक्का किंवा त्याहून कमी आकडा दिसतो. अर्धा टक्का म्हणजे वरच्या पंधरा सेंटिमीटरच्या थरात एकरी सुमारे चार टन कर्ब. तो का वाढत नाही, असं विचारलं की बांधावर एकच उत्तर मिळतं: ऊन फार, कर्ब जळून जातो. मे महिन्यातल्या त्रेचाळीस अंशांत ते पटतंही. पण ठणठणीत कोरड्या ढेकळातून कर्ब फारसा जात नाही. तो वेगानं जातो पहिल्या पावसानंतर, आणि त्याला हवेत धाडतात मातीतले जिवाणू आणि बुरशी.

मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो, त्यातच जिवाणू खातात, हलतात, वाढतात. रब्बी निघाल्यावर हा थर आटत जातो. काही जाती बीजाणू बनून पडून राहतात. काही पेशीत ट्रेहॅलोजसारखी साखर साठवतात, म्हणजे आतलं पाणी बाहेर ओढलं जात नाही. ज्यांना हे जमत नाही ते मरतात, आणि त्यांचे अवशेष तसेच पडून राहतात, कारण कुजायलाही ओल लागते.

मग मृगाची सर येते. कोरड्या पेशीत पाणी जोरानं शिरतं. साठवलेली साखर झटपट बाहेर टाकता आली नाही तर पेशी फुटते, टाकता आली तर ती साखर मातीत मोकळी होते. त्याच वेळी ढेकूळ भिजतं, आत कोंडलेली हवा त्याला फोडते आणि मातीकणांच्या आड सुरक्षित असलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो. वाचलेले जिवाणू हे सगळं खाऊन श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा लोट काही तासांत उसळतो आणि काही दिवसांत ओसरतो. आधी नांगरट करून माती बारीक केली असेल तर उघडं पडायला आणखी बरंच काही असतं.

एच. एफ. बर्च या संशोधकानं केनियात मातीचे नमुने वाळवले, भिजवले, पुन्हा वाळवले, पुन्हा भिजवले. दर ओलीला कुजण्याचा वेग नव्यानं उसळत होता. 1958 साली त्यानं हे मांडलं, आणि तेव्हापासून या घटनेला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. बर्चचं लक्ष नत्रावरही होतं. कर्ब हवेत जातो त्याच दिवसांत सेंद्रिय पदार्थातलं नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळं होतं. मला यातली ही बाजू सर्वांत मोलाची वाटते. पिकाची मुळं तिथे वेळेवर पोचली तर ते नत्र पिकाचं. धूळपेरणीत, म्हणजे पावसाआधीच कोरड्यात पेरलं तर, ही शक्यता असते, पण पुढे पाऊस रुसला तर बियाणं जातं. म्हणून पुरेशी ओल होईपर्यंत थांबायचा सल्ला देतात, आणि दुबार पेरणी भोगलेल्या माणसाला तो चुकीचा आहे असं कोण म्हणेल? पण त्या थांबण्यात पहिल्या ओलीचं बरंचसं नत्र तणाच्या वाट्याला येतं किंवा पाण्याबरोबर खाली जातं.

कोकणात पाऊस लागला की लागला, माती वर्षातून जेमतेम एकदा कोरडीची ओली होते. आपल्याकडे दोन सरी, मग पंधरा-वीस दिवसांची उघडीप, पुन्हा सरी. प्रत्येक खंडानंतर छोटा का होईना, नवा लोट. वाळवंटात तर सारा व्यवहारच असा झटक्यांचा. तिथे जमिनीवर सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंची पापडी असते. ते प्रकाशसंश्लेषण करतात, पण चार थेंबांची सर पडून लगेच सुकली तर कर्ब मिळवण्याआधी श्वासातच जास्त खर्च होतो. ओल टिकली तरच जमा होते. जगातल्या जमिनीच्या सुमारे 40 टक्के भागावर असे कोरडे आणि निमकोरडे प्रदेश आहेत. 2011 साली जगभरच्या जमिनीनं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कर्ब शोषला, त्यात ऑस्ट्रेलियाच्या निमकोरड्या भागात झालेल्या भरपूर पावसाचा मोठा वाटा होता.

जिवाणूंचा श्वास थांबवता येत नाही, थांबवूही नये. प्रश्न उरतो जमेचा. हैदराबादजवळ पाटनचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीवर, 1976 पासून एक प्रयोग चालत आला. एका तुकड्यात जुनी रीत: खरीप पडीक, रब्बीत पीक. दुसऱ्यात रुंद वरंबा-सरी, खतं आणि खरिपातच पीक, त्यात ज्वारी-तुरीसारखं आंतरपीक. जुन्या रीतीत हेक्टरी सुमारे एक टन धान्य मिळालं, दुसरीत सुमारे पाच. मातीतला कर्बही दुसऱ्या तुकड्यातच जास्त भरला. पडीक खरिपात ओल असते, ऊब असते, जिवाणू जागे असतात, पण त्यांना नवा कर्ब पुरवणारी मुळं नसतात, म्हणून ते जुनी शिल्लक खातात. तूर मात्र पाऊस संपल्यावरही महिनोन्महिने उभी राहते, खोल मुळं सोडते आणि पानगळ करत राहते.