लॅक्स्टन: बांध नसलेल्या शेतांचं गाव

शेजाऱ्याने बांध कोरला की आपल्याकडे प्रकरण तलाठ्याकडे जातं आणि तिथून दिवाणी कोर्टात. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन गावात ते जातं पबमध्ये. तिथे मनोरचं, म्हणजे जुन्या जमीनदारी इस्टेटीचं, न्यायालय बसतं, 'कोर्ट लीट'. १९७७च्या कायद्याने देशातल्या अशा उरल्यासुरल्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद केला. कारण इथे त्याला अजून काम होतं.

गंमत म्हणजे लॅक्स्टनच्या मोठ्या शेतांत बांधच नाहीत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन प्रचंड वावरं, आणि प्रत्येकात अनेकांच्या लांबट पट्ट्या. एका वावरात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीत. पुढच्या वर्षी फेरा सरकतो. कुणाचीच जमीन एका जागी नाही, त्यामुळे चांगली-वाईट माती सगळ्यांच्या वाट्याला येते. पट्टी लांबट का, तर बैलांचा लांबलचक औत सारखा वळवणं जिकिरीचं. आपल्या जुन्या मैलांच्या दगडांवरचा 'फर्लांग' इथलाच: नांगराच्या एका सरीची लांबी, २२० यार्ड. त्याला २२ यार्डांची रुंदी दिली की झाला एकर, म्हणजे ढोबळमानाने एका औताचं दिवसभराचं काम. आपले चाळीस गुंठे हिशेबाला तिथेच येऊन भिडतात.

मध्ययुगात इंग्लंडच्या मध्य भागात अशी शेती सर्रास होती. मग कुंपणं आली. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने सुमारे ५,२०० कायदे करून ६८ लाख एकर जमीन कुंपणात घातली. पट्ट्या एकत्र झाल्या, सामाईक कुरणं गेली आणि ज्यांची एखाददुसरी गाय त्या कुरणावर जगत होती ते मजुरीला लागले. लॅक्स्टन कसं वाचलं? एक कारण असं सांगतात की गावातल्या दोन बड्या जमीनदारांचं कुंपणाबाबत जमलंच नाही. परंपरेच्या प्रेमापेक्षा मला हेच जास्त पटतं. भाऊबंदकीने कधीकधी गाव राखलं जातं ते असं.

जुनं गाव कसं होतं, हे १६३५च्या नकाशात दिसतं. मार्क पिअर्स या मोजणीदाराने चामड्याच्या कागदावर एकेक पट्टी काढली, वर नांगरणारी आणि कापणी करणारी चिमुकली माणसंही रंगवली. नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तो करवून घेणारा मालक सर विल्यम कोर्टन, लंडनचा व्यापारी. याच कोर्टनच्या पैशावर निघालेला जहाजांचा काफिला १६३६मध्ये गोव्याला पोचला आणि त्याच्या मंडळींनी पुढे कारवारला वखार घातली. तोवर कोर्टन वारला होता.

त्यानंतर गाव पिअरपाँट घराण्याकडे, म्हणजे पुढच्या अर्ल मॅनव्हर्सकडे आलं. १९५२मध्ये ते सरकारच्या शेती खात्याला विकलं गेलं, १९८१पासून राजसत्तेच्या मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे होतं आणि २०२०मध्ये पुन्हा त्याच घराण्याच्या थोर्सबी इस्टेटकडे गेलं. मालक बदलत गेले, पण वावरांचा कारभार गावकऱ्यांकडेच राहिला. शेतकऱ्यांची घरंही अजून गावातल्या रस्त्यालगतच आहेत, आपल्या गावठाणासारखी. कुंपणं पडलेल्या गावांतून मात्र बरेच शेतकरी आपापल्या रानात राहायला गेले. भटक्या जनावरांचा कोंडवाडाही शाबूत आहे.

पाहणीचा खरा दिवस नोव्हेंबरअखेरचा. ताजी गव्हाची पेरणी झालेल्या वावरात न्यायालयाचे पंच गमबूट चढवून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतात. कुणी पेरणी सरकवत सामाईक वाटेवर किंवा 'साइक'वर आलंय का, हे पाहतात. साइक म्हणजे ओहोळाकाठची, नांगर न चालणारी गवताची पट्टी. तिथल्या गवताचा उन्हाळ्यात लिलाव होतो. हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंटी ठोकतात, तक्रार टिपून घेतात आणि दुपारी डव्हकोट इन या पबमध्ये जेवायला बसतात.

आठवड्याने तिथेच न्यायालय भरतं. दंड होतो तो मोजक्या पौंडांचा. झोंबतो तो चारचौघांत नाव घेतल्याचा. पंचही याच वावरांत पट्ट्या कसणारे. आज ज्याच्या नावावर दंड लागला, तो पुढच्या खेपेला पंच म्हणून त्याच ट्रॉलीत बसलेला असू शकतो.