विनोदी चित्रपट : वयोगट-प्रमाणपत्र आणि आशयसूचना

विनोदी चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकाने पाहावा हे सांगणारे प्रमाणपत्र आणि त्यात नेमके काय आहे याची आगाऊ कल्पना देणारी आशयसूचना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात चित्रपटगृहांसाठी प्रमाणपत्र देण्याचे काम केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ करते. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ गेला, पण बोलण्यात लोक आजही ‘सेन्सॉर बोर्ड’ असेच म्हणतात. मंडळाचे मुख्य कार्यालय मुंबईत असून १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने त्याला अधिकार मिळाले आहेत.

आरंभी सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ अशा दोनच श्रेणी होत्या. १९८३ मध्ये ‘यूए’ आली. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली चित्रपट पाहावा, असा तिचा अर्थ होता. त्याच वेळी आलेल्या, डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यावसायिक प्रेक्षकांपुरत्या असलेल्या ‘एस’ श्रेणीचा विनोदी चित्रपटांशी फारसा संबंध येत नाही. सहा वर्षांचे पोर आणि सोळा वर्षांचा कॉलेजकुमार यांच्या समजेत मोठी दरी असते, आणि एकट्या ‘यूए’ला ती कधीच पेलली नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने या श्रेणीचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग केले. विनोदी चित्रपटांना या विभागणीचा विशेष उपयोग आहे. नुसती घसरगुंडी-धपाधपी आणि चावट संवाद यांना आता एकाच खणात बसावे लागत नाही.

मारामारी, रक्तपात, नग्नता डोळ्यांना दिसते आणि मोजताही येते. विनोदात आक्षेपार्ह भाग बहुधा शब्दाबाहेर असतो. मंडळासाठी १९९१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, हीन अभिरुचीला उघडपणे खतपाणी घालणारे द्व्यर्थी शब्द चालणार नाहीत, असे कलम आहे. पण भाजीवाली गिऱ्हाइकाला म्हणते, “नुसतं दाबून काय बघताय, घ्यायचं तर घ्या!” या वाक्यात खटकणारा एकही शब्द नाही. बाजारात ते रोज ऐकू येते. पडद्यावर गिऱ्हाईक क्षणभर थांबते, भुवई उडवते, मागून ढोलकीची थाप पडते आणि वाक्याचा अर्थ पालटतो. मग कापायचे काय? शब्द, भुवई की थाप? मराठीला ही अडचण जुनी आहे. तमाशाच्या बतावणीत आणि गवळणीतल्या मावशीच्या तोंडी ही भाषा पिढ्यानपिढ्या रुळलेली होती. दादा कोंडके यांनी ती पडद्यावर आणली, तेव्हा सेन्सॉरशी त्यांचे खटके उडणे ओघानेच आले. चित्रपट त्याच्या एकूण परिणामावरून तोलावा, हेही त्याच तत्त्वांत लिहिले आहे. विनोदाच्या बाबतीत सुटा शब्द धरून बसण्यापेक्षा हाच निकष न्याय्य ठरतो.

पांचटपणाची चर्चा खूप होते. हसे कोणाचे होते, याची त्यामानाने कमी. तोतरा नोकर, बहिरा सासरा, चकणा शिपाई ही आपल्या विनोदाची ठरलेली गिऱ्हाइके. शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची टिंगल करणारी दृश्ये टाळावीत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, तरी ही पात्रे ‘यू’ प्रमाणपत्राखाली घराघरांत पोहोचली. २०२३ मधल्या ‘आंख मिचोली’ या हिंदी विनोदी चित्रपटावरून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२४ च्या निकालात न्यायालयाने मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रात हस्तक्षेप केला नाही, मात्र एक मोलाचा फरक स्पष्ट केला : अपंगत्वाचे जगणे समजावून देणारा विनोद वेगळा आणि अपंग व्यक्तीला कमी लेखणारा विनोद वेगळा. लहान मुले पडद्यावर पाहिलेल्या नकला दुसऱ्या दिवशी वर्गात करतात. त्यामुळे आशयसूचनेत ‘अपंगत्वावरील टिंगल’ असा उल्लेख ‘शिवराळ भाषा’ या उल्लेखाइतकाच आवश्यक आहे.

आशयसूचना भारतात ठळकपणे रुजली ती ओटीटीमुळे, म्हणजे इंटरनेटवरून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या मंचांमुळे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार या मंचांनी स्वतःच आपल्या कार्यक्रमांना वयोगट द्यायचा असतो आणि भाषा, हिंसा, लैंगिक आशय अशा बाबींची सूचना दाखवायची असते. १३+ आणि त्यापुढचे कार्यक्रम मुलांसाठी कुलूपबंद करण्याची सोय पालकांना देणेही बंधनकारक आहे. अमेरिकेत श्रेणीसोबत तिचे कारण छापले जाते आणि त्यात ‘ओंगळ विनोद’ असा स्वतंत्र शेराही आढळतो. ब्रिटनमध्ये विनोदी संदर्भामुळे दृश्याची तीव्रता कमी होते का, हेही पाहिले जाते. तिथे २००२ पासून ‘१२ए’ चित्रपटाला बारा वर्षांखालील मुलाबरोबर मोठे माणूस असावेच लागते.

भारतातला ‘यूए’ मात्र सल्ला आहे. पालकांखेरीज कोणी त्याची सक्ती करू शकत नाही, असे २०२३ च्या दुरुस्तीतच म्हटले आहे. ‘ए’ चित्रपटाला अठरा वर्षांखालील प्रेक्षकाला दारावर अडवणे ही चित्रपटगृहाची कायदेशीर जबाबदारी आहे. यूए १६+ विनोदी चित्रपटाला दहा वर्षांचे मूल घेऊन आलेल्या कुटुंबाला मात्र दारावरचा माणूस अडवू शकत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी केवळ अक्षर व आकडा न पाहता, विनोद कशावर बेतला आहे याची चौकशी पालकांनीच करायची असते.